चार भोकांचं काळं बटण

सोमवार, ४ मार्च
सकाळी, गोळी घेतल्यावर. मोजणी : एकोणतीस

गुंडे,

वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहू का, असं बाई विचारतेय. म्हटलं, नको. द्यायला काय जातं, घेणारीनं घ्यायला हवा. तेवढी जागा कोरी सोडा. तिला वाटलं तर ती भरेल.

बाई म्हणजे शेजारच्या खाटेवरची मास्तरीणबाई. अक्षर तिचं, बोलणं माझं. मी अजून अंगठाछापच आहे. तू मला 'ग' शिकवायला बसली होतीस आणि मी म्हटलं होतं, हा तर काठी घेऊन निघालेला म्हातारा. त्या म्हाताऱ्याच्या पुढे माझी गाडी काही गेली नाही.

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. म्हणजे तुझे वडील गेले, पण त्याला सहा वर्षं झाली. ते तुला कुणी ना कुणी कळवलंच असेल. नसेल तर आता कळलं. (बाई म्हणते, असं सांगतात का, आजी? म्हटलं, दुसरं कसं सांगतात ते तुमच्या शाळेत शिकवत असतील, मी गेले नाही.)

मी इस्पितळात आहे. सहा महिन्यांपूर्वी डाव्या पापणीनं संप पुकारला. सकाळी उघडी, दुपारी दुकान बंद. मग एकाच्या जागी दोन काजं दिसायला लागली. खऱ्या काजात सुई घालायला जावं तर ती खोट्यात जायची. शिंपी म्हणाला, "आजी, डोळे तपासून घ्या." डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, डोळे ठणठणीत. मग जबडा. अर्धा घास चावून झाला की जबडा म्हणणार, उरलेला उद्या. मग पाणी पिताना नाकातून यायला लागलं. शेवटी आवाज. वाक्याच्या सुरुवातीला मी माणूस असते, शेवटाला बदक होते. तुला वाटेल, म्हातारीची टकळी थांबली तर जगाचं भलंच. मलाही वाटलं असतं, दुसऱ्या कुणाची असती तर.

वर ती मोजणी लिहिलीय ती बटणांची नाही, माझी. लहान डॉक्टरीण रोज सकाळी येते. "आजी, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोजा." जितके आकडे, तितका छातीत दम. आले त्या दिवशी पस्तीस होते, आज एकोणतीस. दहाच्या खाली गेले की घशात नळी घालून यंत्रावर श्वास देतात. नळी असली की बोलता येत नाही. जन्मभर बटणं मोजली, आता स्वतःला मोजते. बटणं निदान कमी होत नव्हती.

इथल्या कागदावर 'जवळचं माणूस' असा एक रकाना होता. कुणाचं नाव घालू, विचारलं. मी तुझं पाकीट काढून दिलं, पत्ता त्याच्यावरून उतरवला. एकोणीस वर्षांपूर्वीचं पाकीट. तू तिथे असशील की नसशील, देव जाणे. फोनचा नंबर नाही माझ्याकडे, आणि असता तरी माझा आवाज दहा मिनिटांत बसतो. पत्राचं बरं असतं. बदक ऐकू येत नाही.

आता कामाचं बोलते. तू वसतिगृहात होतीस तेव्हा आपलं दोघींचं ठरलं होतं. पत्र वडील वाचून दाखवणार, म्हणून पत्रात काहीही लिही, खरं बटणात घाल. दोन भोकांचं पांढरं आलं तर ठीक आहे, आई, झोप. चार भोकांचं काळं आलं तर पत्रात काहीही असो, निघून ये, आणि येताना बटण सोबत आण. दोन वर्षं दर महिन्याला पांढरं आलं. सगळी आहेत माझ्याकडे.

मग तू त्या माणसाबरोबर जायचं ठरवलंस. वडील म्हणाले, पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि मी खाली मान घालून काज करत राहिले. ते काज इतकं सुबक झालं होतं, गुंडे, की आजही लाज वाटते.

त्यानंतर वर्षभरानं तुझं एकच पत्र आलं. "मी सुखात आहे." त्यात पांढरं नाही, काळं नाही. मी म्हटलं, ठीक. एवढा राग असेल तर ठीक. एकोणीस वर्षं मी त्या रुसव्यावर काढली. तर आता आवाज आहे तोवर विचारते. एक बटण टाकायला काय झालं होतं तुला?

बाईचा हात दुखत असेल. थांबते.

तुझी आई

~~ये~~

(शेवटचा शब्द आजींच्या सांगण्यावरून खोडला आहे. – लेखनिक)

शनिवार, ९ मार्च
सकाळी. मोजणी : तेवीस

गुंडे,

पाच दिवस झाले. टपालवाला रोज अकराला येतो, वॉर्डाच्या दाराशी थांबतो, आणि बाईचीच पत्रं असतात. तिचे जुने विद्यार्थी लिहितात. मी म्हटलं, त्यातलं एखादं मला वाचून दाखवा, मी माझं समजते. तर ती खरंच वाचायला लागली. तिला चेष्टा कळत नाही. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, बेडकाला तरी चेष्टा कुठे कळते.

काल मला तारांच्या खोलीत नेलं. मनगटाला एक तार, अंगठ्याला एक. मग धक्के देतात, एकामागून एक. पहिल्याला अंगठा असा टुणकन उडाला की मीच दचकले. दुसऱ्याला जरा कमी. चौथ्याला आणखी कमी. पाचव्याला नुसती मान डोलावली. तारवाला पडद्याकडे बघून म्हणाला, "हं." डॉक्टर लोकांचा 'हं' मला आवडत नाही. शिंप्यानं कापड कापून झाल्यावर 'हं' म्हटलं तर समजायचं, कोट गेला.

त्यांनी मोठं नाव सांगितलं. मला ते उच्चारता आलं नाही, आजारामुळे नाही, असंच. म्हणून बाईला विचारलं. तिचे पाय झोपलेले आहेत. तिच्या तारांवरचं आवरण सोललं गेलंय, ते परत चढतं म्हणे. हात आले, पाय यायचेत. पण शिकवायला पाय कुठे लागतात? ती उठून बसली. वर्गच भरला.

"आजी, मेंदूकडून निघालेली तार स्नायूपर्यंत पोहोचते, असं वाटतं ना? पोहोचत नाही."

"मग कुठे जाते मरायला?"

"अगदी जवळ जाऊन थांबते. मधे फट असते."

"केवढी?"

"केस उभा चिरून त्याचे हजार-दीड हजार पदर काढले, तर त्यातल्या एकाएवढी."

"एवढ्याशासाठी थांबायचं कशाला? टेकायचं की!"

"टेकत नाही. तारेच्या टोकाला फुगीर गोळा असतो. शास्त्रात त्याला बटणच म्हणतात."

आता मी उठून बसले. उठून म्हणजे उशीवर.

"त्या बटणात बारीक बारीक पिशव्या. तारेतून वीज आली की तिला फट ओलांडता येत नाही. म्हणून पिशव्या फुटतात, आतलं रसायन फटीत सांडतं आणि पलीकडे जाऊन ग्राहींमध्ये बसतं."

"गिऱ्हाइकांमध्ये?"

"ग्राही! ते रसायन नेमकं बसेल अशा जागा."

"म्हणजे काजं."

"ग्राही म्हणतात, आजी."

"तुमच्या पुस्तकात म्हणत असतील. माझ्या खाटेवर काजं."

तर काजात बसलं की स्नायूला कळतं, आवळ. पापणी उचल. घास खाली ने. श्वास ओढ. आणि लगेच एक झाडूवाली येऊन फट झाडून टाकते, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. मी घेते ती गोळी म्हणजे त्या झाडूवालीला सांगणं, बाई गं, जरा सावकाश, निरोप थोडा वेळ राहू दे. म्हणून गोळीनंतर तीन-चार तास मी बोलते. नंतर ती परत हात चालवायला लागते.

मी विचारलं, "मग माझं बिघडलं काय? बटण की धागा?"

"दोन्ही चांगली. निरोप सुटतोय. तुमची काजं बुजलीत." बघ, 'काजं' म्हणाली.

"कुणी बुजवली?"

"तुमच्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांनी. बाहेरून शिरलेला शत्रू ओळखून धरायचा, हे त्यांचं काम. ते काजांनाच शत्रू समजले आणि जाऊन चिकटून बसले."

म्हणजे चोर कुणी नाहीच. घरचाच राखणदार आतून कडी घालून बसलाय, आणि बाहेर हाका मारणाऱ्याला वाटतं, घरात कुणी नाही.

मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. बाईला वाटलं, आवाज बसला. तिनं डॉक्टरणीला बोलावलं. डॉक्टरणीनं पापणीवर बर्फ ठेवला दोन मिनिटं, थंडीनं पापणी उचलते म्हणे. उचलली. मग तिनं विचारलं, "आजी, रडताय का?" म्हटलं, बर्फ वितळलाय.

सगळा वॉर्ड मला आजी म्हणतो. झाडणारी, इंजेक्शनवाली, तो तारवाला. खऱ्या अर्थानं म्हणणारं कुणी आहे का, तेवढं तरी कळव. पांढरं बटण टाक. बाकी काही लिहू नकोस.

आई

गुरुवार, १४ मार्च
सकाळी. मोजणी : सतरा

गुंडे,

तुझं कार्ड आलं. टपालवाल्यानं माझं नाव घेतलं तेव्हा बाईनं चष्मा लावायला इतका वेळ घेतला की मी तिला बर्फ मारणार होते.

तिनं वाचलं. परत वाचलं. म्हटलं, पुढे? म्हणाली, एवढंच आहे.

"काळं बटण पाठवलं होतं. आठवा महिना होता."

मी म्हटलं, आठवा महिना कशाचा, ऑगस्ट का? बाई म्हणाली, "आजी, तुम्हाला कळलंय."

हं.

टपालात पडलं असेल. पाकिटं कोपऱ्यात फाटतात. आपल्या गल्लीत एकदा कुणाचं तरी पाकीट कोरं आलं होतं, आत कागदच नाही. बटण जड असतं. घरंगळलं असेल कुठेतरी. शिक्के मारताना फुटलंही असेल, काळी बटणं ठिसूळ असायची तेव्हा. मला मिळालं असतं तर मी आले नसते का? अनवाणी आले असते. तुझ्या वडिलांना न सांगता आले असते. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

एकटीच होतीस का? तो माणूस होता का जवळ? कुणी पाणी तापवून दिलं? पुढचं विचारत नाही. विचारायचं आहे, पण तोंडाबाहेर येत नाही. हा आजार नाही.

आज गिळताना दोनदा अडकलं. खोकलाही लागलाय. डॉक्टरीण म्हणते, खोकला या आजाराला वाईट. रक्तातलं पाणी बदलणार आहेत, त्याबरोबर पहारेकरीही वाहून जातील म्हणे. यंत्र मोकळं होईपर्यंत थांबायचं. बाई तिच्या चाकाच्या खुर्चीत बसून माझ्या खाटेला खेटून आहे. सतरा हा वाईट आकडा नाही, म्हणते. मी तिला सांगितलं, मी अंगठाछाप आहे, पण सतरा आणि तेवीस मला कळतात.

टपालातच पडलं असेल.

आई

शुक्रवार, १५ मार्च
सकाळी. मोजणी : अकरा

(आजी आज तीन-चार शब्द बोलून थांबतात. मधली विश्रांती मी लिहिलेली नाही. शब्द त्यांचेच आहेत. दोनदा मी त्यांना थांबायला सांगितलं. त्यांनी मला जे सांगितलं ते गाळते. – लेखनिक)

गुंडे,

कालचं पत्र गेलं. बाईला म्हटलं, परत आणा. म्हणाली, पेटीत पडलं. तर हे त्याच्या मागोमाग.

टपालात पडलं नव्हतं.

दुपार होती. राखणदारांच्या कोटांचं काम होतं. चाळीस कोट, दर कोटाला सहा बटणं. दोनशे चाळीस. टेबलावर ढीग होता. तुझे वडील टेबलाशी उभे राहिले. पाकीट फाडलं. वाचलं. "सुखात आहे म्हणते." आणि टक् असा आवाज झाला.

त्यांनी ऐकला नाही. मी ऐकला.

संध्याकाळी मोजली. दोनशे एक्केचाळीस. मी मोजण्यात चुकत नाही. शिंपी म्हणाला, "एक जास्त कसं?" मी म्हटलं, दुकानदारानं जास्त दिलं असेल.

मग ढिगात हात घातला. बोटांना लगेच सापडलं. त्याची कड जाड होती. एका भोकाशी टवका उडालेला. तुझ्या शाळेच्या कोटाचं. मीच लावलेलं. बोटांना कळलं, गुंडे. डोळे मिटून कळलं.

मी बोटांना गप्प केलं.

ते बटण चाळिसाव्या कोटाला लावलं. सगळ्यात खालचं. चांगला दुहेरी दोरा घेतला. दुसऱ्या दिवशी कोट गेले.

नंतर वर्षभर मी रस्त्यानं प्रत्येक राखणदाराच्या पोटाकडे बघत जायचे. एकानं तर विचारलं, "बाई, काय पाहिजे?" काय सांगणार होते त्याला?

वडिलांना भ्यायले, असं सांगता येईल. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण ते गेले. सहा वर्षं झाली. मग ही सहा वर्षं पहाऱ्यावर कोण होतं?

मीच होते.

पत्रात तुलाच विचारलं, बटण का टाकलं नाहीस. बघ कशी आहे मी. आजारी पडले तरी खोड जात नाही.

ये म्हणत नाही. माफ कर म्हणत नाही. एवढंच कळावं. तू हाक मारलीस ती वाया गेली नव्हती. ऐकली होती मी.

ते मूल

(इथे आवाज थांबला. अर्धा तास थांबून पुन्हा विचारलं. आजींनी हातानं 'पाठवा' अशी खूण केली.)

सोमवार, १८ मार्च

स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही, तरी आपल्या घरातलं मला नको इतकं ठाऊक आहे. त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या आईंच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनानं लिहीत आहे.

शनिवारी दुपारी त्यांची मोजणी सहा झाली. त्यांना यंत्रावर ठेवलं आहे. काल रक्तद्रव बदलण्याची पहिली फेरी झाली, अजून चार व्हायच्या आहेत. डॉक्टर 'बरं होईल' असं म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. मीही त्यापुढे काही म्हणू शकत नाही.

मला त्यांच्याजवळ सकाळी दहा मिनिटं खुर्ची नेऊ देतात. पापण्या मिटलेल्या असतात. लोकांना वाटतं झोपल्या आहेत, आणि मोठ्यानं काहीबाही बोलतात. त्या जाग्या आहेत. या आजारात मन, स्पर्श, ऐकणं सगळं शाबूत राहतं. बाहेर काही येत नाही, इतकंच. मी त्यांच्या तळहाताखाली बोट ठेवते. 'हो'साठी एकदा दाबतात, 'नाही'साठी दोनदा. काल मी चुकून 'ग्राही' म्हणाले. दोनदा दाबलं.

रोज अकरा वाजल्यानंतर मी गेले की त्या आधी एकदाच दाबतात, मी काही विचारण्यापूर्वी. तो प्रश्न असतो. टपालाचा. मी आजवर दोनदा 'नाही' असं उत्तर दिलं आहे.

आणखी एक. पहिल्या पत्राच्या शेवटी एक शब्द खोडलेला आहे. त्यांनी तो सांगितला आणि लगेच खोडायला लावला. तीस वर्षं मुलांच्या वह्यांमधले चुकीचे शब्द मी असे खोडले आहेत की खालचं अक्षर दिसू नये. हा मी एकाच रेघेनं खोडला. मुद्दाम.

आपली,
शेजारच्या खाटेवरची

मंगळवार, २ एप्रिल
सकाळी, गोळीनंतर. मोजणी : एकोणीस

गुंडे,

नळी गुरुवारी काढली. आवाज अजून चाळणीतून येतो. बाई कान तोंडाशी लावून लिहितेय, तिच्या केसांना औषधाचा वास येतो, आणि हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी आतच होते, नळीत. बाई त्या दिवशी रोजच्यापेक्षा उशिरा आली. मी बोट दाबलं. तिनं नुसती खुर्ची आणखी जवळ आणली. मला वाटलं, संपलं. मग पाकीट फाडल्याचा आवाज. मग म्हणाली, "आजी, आत कागद नाही. नुसता कापडाचा तुकडा आहे."

आणि तो माझ्या हातात ठेवला.

पापणी उचलत नव्हती. पण बोटं माझी होती. बटण. चार भोकं. एक, दोन, तीन, चार. मोजण्यात मी चुकत नाही. मी बोटानं विचारलं, काळं? आता 'काळं' बोटानं कसं विचारायचं? मी नुसती दाबत राहिले. बाई घाबरली, नर्सला हाक मारायला निघाली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "काळं आहे, आजी. काळंच आहे."

यंत्र वाजायला लागलं. लोक धावत आले. त्यांना वाटलं, मी चालले. मी कुठली जातेय. मी शिवण तपासत होते.

ही शिवण तुझी नाही, गुंडे.

गाठ वरच्या बाजूला आहे. तू सात वर्षांची असल्यापासून गाठ खाली घालतेस. दोरा एका भोकातून दोनदा गेलाय आणि शेजारच्यातून पाचदा. टाके रागानं ओढलेत, कापड गोळा झालंय. आणि बटण कापडाला घट्ट टेकवून शिवलंय. तू असं मेलीस तरी केलं नसतंस. बटणाखाली आगकाडी ठेवून शिवायचं, मग काडी काढायची, तेवढ्या जागेत दोऱ्याचे वेढे घालायचे, हे तर मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं. टेकलेलं बटण काजात जात नाही. खाली तेवढी फट लागतेच. (आता बाई हसतेय. मी बाईला विचारलं होतं ना, टेकायचं की! पन्नास वर्षं काडी ठेवून शिवणारी बाई मी, आणि विचारते काय, तर फट कशाला.)

तर मी तिथे पडल्या पडल्या विचार केला. तू नाही, तर कुणी शिवलं? दुकानातून आणलेलं इतकं वाईट मिळत नाही. इतकं वाईट घरीच होतं. सुई कधी धरली नाही असं कुणीतरी, तुझ्या घरातलं, ज्याला तू सांगितलंस, हे आजीला पाठवायचंय, तू शीव.

आठवा महिना. मी हिशेब केला. एकोणीस वर्षांचं आहे.

त्या वेळी मी रडले असणार. नर्सनं डोळ्यांत औषध घातलं. मी अडवू शकत नव्हते.

नात आहे की नातू, ते शिवणीवरून कळत नाही. राग मात्र माझ्यावर गेलाय, तो टाक्यात दिसतो. त्याला किंवा तिला सांग, हे मी उसवलेलं नाही. पाठवलं तसं ठेवलंय. मी समोर बसून उसवायला लावीन आणि पहिल्यापासून शिकवीन. आगकाड्या मी घेऊन येते.

पहिल्या पत्रात वर जागा कोरी आहे बघ. तुझं तू बघ काय करायचं ते. पण ज्यानं हे शिवलं त्याला अनेक उत्तम आशीर्वाद. लिहा बाई, पुरतं लिहा, काटकसर नको.

डॉक्टरीण म्हणते, मोजणी पंचवीसच्या वर चार दिवस टिकली तर सोडते, पण एकटीनं प्रवास नाही. बाई सोबत यायचं म्हणते. ती आता चौकट धरून दहा पावलं चालते आणि प्रत्येक पाऊल मोठ्यानं मोजते. मी दुपारनंतर बोलू शकत नाही, ती पायऱ्या चढू शकत नाही. दोघी मिळून एक बाई होतो. तुझ्या दाराशी पायऱ्या किती, ते कळव. तुझ्या जुन्या पाकिटावर पत्ता होता, पायऱ्या नव्हत्या.

भीती आहे, गुंडे. वाटेत परत सगळं मिटेल याची. तू दार उघडशील आणि माझी पापणी त्याच वेळी पडेल याची. सकाळच्या गोळीनंतर तीन तास मी असते, म्हणून दुपारच्या आत पोहोचायला हवं. त्या तीन तासांत काय बोलायचं ते मी रोज एका दमात म्हणून बघते. एकोणिसाच्या आत बसत नाही. काही शब्द गाळावे लागतील. तू नेहमी म्हणायचीस तसं.

बटण मुठीत आहे. मुठीत अजून दम नाही, म्हणून बाईनं ते मनगटाला दोऱ्यानं बांधलंय. काळं बटण सोबत आणायचं असतं, मी विसरलेले नाही.

तो खोडलेला शब्द तुला वाचता येईल असाच खोडला होता, हे बाईनं काल कबूल केलं. मास्तरीण झाली म्हणून काय, काम कच्चंच. आता आणखी एक सांगते, तो लिहा बाई, आणि हा खोडायचा नाही.

येते.